जँगोत चाचणीचा डेटा: फाईलमध्ये कसा काढायचा आणि परत कसा भरायचा

कोड गिटवरून उतरवला, मायग्रेशन चालवलं, सर्व्हर सुरू झाला आणि समोर रिकामी पानं. जिल्ह्यांचा ड्रॉपडाउन उघडला तर त्यात एकही जिल्हा नाही. यात बिघडलेलं काहीच नसतं. मायग्रेशन टेबलं बांधतं. टेबलांत काय भरायचं हे तुम्ही वेगळं सांगावं लागतं. त्यासाठी जँगोत, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बांधायच्या चौकटीत, दोन कमांड आहेत. डम्पडेटा डेटाबेसमधल्या नोंदी फाईलमध्ये उतरवते आणि लोडडेटा त्या फाईलमधून नोंदी परत भरते. या फाईलला फिक्स्चर म्हणतात.

उदाहरणासाठी एक साधं अ‍ॅप घेऊ. नाव ‘स्थळ’, त्यात दोन मॉडेलं (एक मॉडेल म्हणजे डेटाबेसमधलं एक टेबल): जिल्हा आणि तालुका. महाराष्ट्रातल्या कुठल्याही अर्जाच्या वेबसाइटला हे लागतंच, शिवाय डेटा मराठीत असल्यामुळे काही खास अडचणीही समोर येतात. या लेखात कमांड आणि फाईलचे नमुने उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत टाइप करायच्या आणि आकडेही इंग्रजीच वापरायचे.

काय काढायचं ते आधी ठरवा

सगळा डेटाबेस एका फटक्यात काढायचा मोह होतो. तो टाळा. वेब अ‍ॅपमधला डेटा साधारण तीन प्रकारचा असतो. जिल्हे, तालुके, फीचे प्रकार असा क्वचित बदलणारा मास्टर डेटा पहिला. स्क्रीन भरलेली दिसावी किंवा टेस्ट चालाव्यात म्हणून घातलेल्या नमुन्याच्या नोंदी दुसऱ्या. आणि तिसरा, लोकांनी खरोखर भरलेला डेटा. फिक्स्चर पहिल्या प्रकारासाठी उत्तम, दुसऱ्यासाठी बेताचं. तिसऱ्याच्या वाटेला फिक्स्चर घेऊन जाऊच नये. त्याला बॅकअप लागतो.

डेटा बाहेर काढणं

अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये ‘फिक्स्चर्स’ नावाचं फोल्डर करा. लोडडेटा प्रत्येक अ‍ॅपमध्ये याच नावाचं फोल्डर शोधते, त्यामुळे नाव बदलू नका. मग प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमधून:

पायथन मॅनेज.पीवाय डम्पडेटा स्थळ --इंडेंट २ -ओ स्थळ/फिक्स्चर्स/स्थळ_मास्टर.जेसन

‘इंडेंट’ दिलं नाही तर अख्खी फाईल एकाच ओळीत येते. यंत्राला त्याचं काही वाटत नाही, पण गिटमध्ये एक अक्षर बदललं तरी संपूर्ण फाईल बदललेली दिसते आणि रिव्ह्यू करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून २ ची इंडेंट नेहमी द्या.

एकच मॉडेल हवं असेल तर अ‍ॅपच्या नावापुढे टिंब देऊन मॉडेलचं नाव लिहा: ‘स्थळ.तालुका’. इथे नवखे हमखास अडकतात, कारण डम्पडेटा नाती पाळत नाही. तालुका काढलात म्हणून त्याचा जिल्हा आपोआप येत नाही. अशी फाईल कोऱ्या डेटाबेसवर भरायला गेलात की इंटेग्रिटी एरर येतो: तालुका अमुक जिल्ह्याकडे बोट दाखवतोय, पण तो जिल्हा टेबलात नाही. मोजक्याच नोंदी काढण्यासाठी ‘पीकेज’ हा पर्याय आहे. त्यात प्रायमरी की, म्हणजे नोंदींचे ओळख क्रमांक, स्वल्पविरामाने लिहायच्या. तो एका वेळी एकाच मॉडेलवर चालतो आणि नात्यांचं तिथेही तेच.

मॉडेलला स्वतःचा मॅनेजर (टेबलातून नोंदी काढून देणारा कोड) असेल आणि तो ‘बंद’ नोंदी लपवत असेल, तर डम्पडेटाही त्या लपवते. फाईलमध्ये नोंदी कमी भरल्या तर आधी हे तपासा. ‘--ऑल’ दिलं की मॅनेजरला वळसा घालून सगळ्या नोंदी येतात.

विंडोजवर मराठी डेटा

लिनक्स किंवा मॅक असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

विंडोजवर वरची कमांड मराठी डेटासाठी बऱ्याचदा मध्येच कोसळते आणि ‘चारमॅप’ कोडेकला अक्षरं लिहिता येत नाहीत असा एरर देते. जँगो फाईल उघडताना एन्कोडिंग सांगत नाही, म्हणून पायथन विंडोजचं ठरलेलं कोडपेज घेतो. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते सहसा १२५२ असतं आणि त्यात देवनागरी मुळीच नाही. उपाय एका शब्दाचा आहे. ‘पायथन’नंतर लगेच ‘-एक्सयूटीएफ८’ लिहा, यातला एक्स तेवढा कॅपिटल:

पायथन -एक्सयूटीएफ८ मॅनेज.पीवाय डम्पडेटा स्थळ --इंडेंट २ -ओ स्थळ/फिक्स्चर्स/स्थळ_मास्टर.जेसन

रोज लागत असेल तर ‘पायथनयूटीएफ८’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ठेवा.

जुन्या लेखांत ‘-ओ’ऐवजी ‘>’ हे चिन्ह वापरून फाईलमध्ये वळवायला सांगितलेलं असतं. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये ते करू नका. तिथे ‘>’ फाईल यूटीएफ-१६ मध्ये लिहितं. काढताना सगळं सुरळीत वाटतं, आणि भरताना पहिल्याच बाइटवर डीकोड एरर येतो. नोटपॅडमध्ये फाईल दुरुस्त केलीत तर सेव्ह करताना साधं यूटीएफ-८ निवडा. ‘विथ बॉम’ निवडलंत तर फाईलच्या सुरुवातीला न दिसणारं चिन्ह बसतं आणि जेसन वाचणारा तिथेच थांबतो.

फाईल उघडून बघा

काढलेली फाईल न उघडता कमिट करायची नाही. आतली एक नोंद अशी दिसते:

{
  "मॉडेल": "स्थळ.जिल्हा",
  "पीके": ७,
  "फील्ड्स": {
    "कोड": "अनगर",
    "नाव": "अहमदनगर"
  }
}

प्रत्येक नोंदीत या तीनच गोष्टी: कुठल्या मॉडेलची, प्रायमरी की कोणती, आणि बाकीची फील्ड. तालुक्याच्या नोंदीत ‘जिल्हा’ या फील्डसमोर जिल्ह्याचं नाव येत नाही, नुसता आकडा येतो, ७.

हाताने नोंद वाढवायची असेल तर कीबोर्डवर लक्ष ठेवा. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि पीकेसमोर देवनागरी ७ पडला, की जेसनच्या लेखी तो आकडाच नव्हे. फाईल तिथेच नापास. वर्डमधून चिकटवलेली गोलसर अवतरणचिन्हं आणि शेवटच्या नोंदीनंतर राहिलेला स्वल्पविरामही हेच करतात.

भरणं

कोऱ्या डेटाबेसवर आधी मायग्रेट, मग लोडडेटा. क्रम उलटा केलात तर टेबलच सापडत नाही.

पायथन मॅनेज.पीवाय मायग्रेट
पायथन मॅनेज.पीवाय लोडडेटा स्थळ_मास्टर

पूर्ण वाट द्यायची गरज नाही, नाव पुरे. पण याच नावाची फाईल दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपच्या फिक्स्चर्समध्ये असेल तर तीही भरली जाते. म्हणून ‘डेटा’ किंवा ‘टेस्ट’ असली नावं ठेवू नका. अ‍ॅपचं नाव पुढे लावा.

काम झालं की किती ऑब्जेक्ट किती फिक्स्चरमधून बसवले तो आकडा येतो. नुसती जिल्ह्यांची फाईल असेल तर ३६ यायला हवेत. ३५ आले तर यादी पालघर वेगळा होण्याआधीची, म्हणजे २०१४ पूर्वीची असण्याचा दाट संभव आहे.

सगळं भरणं एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये होतं. दोनशेव्या नोंदीला एरर आला तर आधीच्या १९९ सुद्धा राहत नाहीत. हे बरंच आहे, अर्धवट भरलेला डेटा निस्तरावा लागत नाही. एका कमांडमध्ये अनेक फिक्स्चर दिली तरी ट्रॅन्झॅक्शन एकच, आणि नात्यांची तपासणी शेवटी होते. म्हणून एकमेकांवर अवलंबून असलेल्या फाईली एकाच कमांडमध्ये द्या.

जुन्या शिकवण्यांमध्ये ‘इनिशियल_डेटा’ नावाची फाईल ठेवली की ती आपोआप भरते असं लिहिलेलं सापडेल. ती सोय जँगो १.९ पासून काढून टाकली आहे. आता लोडडेटा स्वतः चालवावी लागते, किंवा डेटा मायग्रेशन लिहावं लागतं.

प्रायमरी की आणि तिचे प्रताप

लोडडेटाबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची असेल तर ती ही: ती नोंदी वाढवत नाही, प्रायमरी की बघून त्या जागी लिहिते. पीके ७ ची ओळ टेबलात नसेल तर नवी होते. असेल तर तिच्यावर फाईलमधला मजकूर बिनबोभाट चढतो. विचारणा नाही, इशारा नाही. अ‍ॅडमिनमधून कुणी ती ओळ दुरुस्त केली असेल तर ती दुरुस्ती गेली. उलट, फाईलमधून एखादी नोंद काढून टाकलीत म्हणून टेबलातली ओळ जात नाही. टेबल फाईलसारखंच तंतोतंत हवं असेल तर आधी ते रिकामं करावं लागेल. ‘फ्लश’ ही कमांड सगळ्याच टेबलांतला डेटा पुसते, त्यामुळे ती फक्त स्वतःच्या मशीनवर चालवा, आणि ‘यस’ टाइप करण्याआधी सेटिंग्जमध्ये कुठला डेटाबेस जोडलेला आहे ते वाचा. पीके मोकळी, म्हणजे नल ठेवलीत तर प्रत्येक वेळी नवीन ओळ तयार होते. तीनदा लोड केलं की प्रत्येक जिल्हा तीनदा.

ही ‘जागी लिहिण्याची’ सवय उपयोगाचीही आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. फाईलमध्ये पीके तीच ठेवून फक्त नाव बदला, लोडडेटा चालवा. तालुके आकड्याने जोडलेले असल्याने ते जागच्या जागी राहतात. नव्या नावाची नवी नोंद केलीत तर मात्र यादीत जिल्हे ३७ होतील आणि तालुके जुन्याकडेच राहतील.

नाव बदलताना एक गोष्ट हमखास सुटते. ‘औरंगाबाद’ युनिकोडच्या मोजणीत ८ अक्षरांचं आहे, ‘छत्रपती संभाजीनगर’ १७ चं. डोळ्यांना ते दहा अक्षरं आणि एक जागा एवढंच दिसतं, पण काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. मॉडेलमध्ये नावाची कमाल लांबी १५ ठेवलेली असेल तर लॅपटॉपवरचा एसक्यूलाइट डेटाबेस ते गपगुमान घेतो, कारण तो लांबी बघतच नाही. सर्व्हरवरचा पोस्टग्रेस डेटाबेस मात्र मजकूर मोठा आहे म्हणून नाकारतो. लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर फुटतं त्याचं हे एक नेहमीचं कारण. लोडडेटा फॉर्मची किंवा मॉडेलची व्हॅलिडेशन चालवत नाही, तेव्हा तिच्याकडून इशाऱ्याची अपेक्षा ठेवू नका.

दोन मशीनवर पीके वेगवेगळ्या असतील तर मात्र आकड्यांवर विसंबता येत नाही. तिथे नॅचरल की लागते, म्हणजे आकड्याऐवजी नोंदीतल्याच एखाद्या फील्डवरून ओळख. मॉडेलमध्ये ‘नॅचरल_की’ ही मेथड लिहायची, मॅनेजरमध्ये ‘गेट_बाय_नॅचरल_की’, आणि काढताना ‘--नॅचरल-फॉरेन’ व ‘--नॅचरल-प्रायमरी’ हे पर्याय द्यायचे. मग तालुक्याच्या नोंदीत ७ ऐवजी जिल्ह्याचा कोड येतो. ‘नॅचरल_की’ने टपल (पायथनमधली कंसातली यादी) परत द्यायला हवं, एकच फील्ड असेल तर त्यापुढचा स्वल्पविराम विसरू नका. विसरलात तर नुसता मजकूर जातो, लोडडेटा त्याला प्रायमरी की समजते आणि पूर्णांक हवा म्हणून भांडते.

नॅचरल की म्हणून जिल्ह्याचं नाव घेऊ नका. नावं बदलतात हे वर आलंच. शिवाय वेबवरून चिकटवलेल्या मराठी मजकुरात कधीकधी न दिसणारे जोडचिन्हाचे कोड असतात, आणि दोन ‘कोल्हापूर’ दिसायला सारखे असून यंत्राला वेगळे ठरतात. जनगणना २०११ चे कोडही अपुरे, कारण त्यात पालघर नाही. केंद्र शासनाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला जिल्ह्याचा कोड वापरा, किंवा स्वतःचा ठरवा, आणि त्या फील्डवर युनिक लावा.

नेहमीचे एरर

जँगो एररमध्ये फाईल, मॉडेल आणि पीके तिन्ही सांगतो. ती ओळ आधी वाचा, मग सर्च करा.

कंटेंटटाइप किंवा परमिशनवर ‘युनिक कन्स्ट्रेंट फेल्ड’ आलं म्हणजे तुम्ही अख्खा डेटाबेस काढला होता. ही दोन टेबलं मायग्रेट स्वतः भरतं आणि प्रत्येक डेटाबेसवर त्यांचे आकडे वेगळे पडू शकतात. काढतानाच ‘-ई कंटेंटटाइप्स -ई ऑथ.परमिशन’ असं वगळा आणि सोबत ‘--नॅचरल-फॉरेन’ द्या. सेशन्स आणि अ‍ॅडमिनचा लॉगही वगळा, त्यांचा चाचणीत काही उपयोग नाही.

तयार केल्याची तारीख नल आहे असा एरर हाताने लिहिलेल्या नोंदींत येतो. ‘ऑटो_नाऊ_अ‍ॅड’ असलेलं फील्ड एरवी जँगो भरतं, पण लोडडेटा कच्चा डेटा जसाच्या तसा लिहिते. तारीख फाईलमध्येच द्यावी लागते. याच कारणाने मॉडेलची ‘सेव्ह’ मेथडही चालत नाही. तिथे तुम्ही स्लग तयार करत असाल तर तो फाईलमध्ये लिहा. पासवर्डचं तसंच: फिक्स्चरमध्ये साधा पासवर्ड लिहिला तर नोंद बसते, पण लॉगिन होत नाही, कारण तिथे हॅश, म्हणजे पासवर्डचं सांकेतिक रूप, अपेक्षित असतो. चाचणीचा वापरकर्ता एकदा अ‍ॅडमिनमधून बनवा आणि मग काढा.

सेव्ह चालत नसली तरी सिग्नल (नोंद सेव्ह होताच आपोआप चालणारी फंक्शनं) चालतात, आणि हे फार जणांना चकवतं. युझर तयार होताच प्रोफाइल बनवणारा ‘पोस्ट_सेव्ह’ सिग्नल बहुतेक प्रोजेक्टमध्ये असतो. लोडडेटाने युझर भरला की सिग्नलने प्रोफाइल बनवलं. मग फाईलमधलं प्रोफाइल आलं आणि युनिकवर आपटलं. सिग्नलच्या फंक्शनला ‘रॉ’ नावाचा अर्ग्युमेंट मिळतो. तो ट्रू असेल तर लगेच रिटर्न करा. स्वागताचा एसएमएस पाठवणारा सिग्नल असेल तर ही ओळ विसरणं महागात पडतं.

फोटो दिसत नाहीत ही तक्रार एररशिवाय येते. फिक्स्चरमध्ये फाईलची फक्त वाट असते, फोटो नसतो. मीडिया फोल्डर वेगळं उचलून न्यावं लागतं.

भरलेलं बरोबर आहे का

खात्रीची रीत ही: सेटिंग्जमध्ये दुसरा कोरा डेटाबेस जोडा, मायग्रेट करा, लोडडेटा चालवा, मग तिथून त्याच पर्यायांनी डम्पडेटा घेऊन नव्या फाईलमध्ये ठेवा. दोन्ही फाईलींचा डिफ काढा. डम्पडेटा नोंदी प्रायमरी कीच्या क्रमाने लिहिते, त्यामुळे डिफ रिकामा यायला हवा. काही ओळी वेगळ्या दिसल्या तर बहुधा सिग्नलने काहीतरी जास्तीचं केलेलं असतं.

पोस्टग्रेसवर फिक्स्चरऐवजी थेट एसक्यूएलने, आयडी देऊन ओळी भरल्या असतील, तर अ‍ॅपमधून पहिली नवी नोंद करताना ‘ड्युप्लिकेट की’ येते. पुढचा आयडी देणारा मोजणीचा आकडा, म्हणजे सीक्वेन्स, अजून १ वरच असतो. लोडडेटा तो स्वतः पुढे सरकवते. हाताने भरलं असेल तर ‘एसक्यूएलसीक्वेन्सरिसेट’ ही कमांड जे एसक्यूएल छापते ते चालवा.

टेस्टमध्ये वापरणं

टेस्टकेस क्लासमध्ये ‘फिक्स्चर्स’ नावाची यादी लिहिली की पुरे. जँगो वेगळा चाचणी डेटाबेस बनवतो, क्लासपुरतं एकदा फिक्स्चर भरतो आणि प्रत्येक टेस्टनंतर बदल मागे घेतो. ट्रॅन्झॅक्शनटेस्टकेसमध्ये मात्र प्रत्येक टेस्टला पुन्हा भरणं होतं, तिथे मोठी फाईल दिली तर चहा पिऊन यायला वेळ मिळतो.

आमचं मत असं की जिल्ह्यांसारखा मास्टर डेटा फिक्स्चरमध्ये ठेवावा, आणि ‘मुदत संपलेला अर्ज’, ‘फी न भरलेला अर्जदार’ अशा प्रसंगाच्या नोंदी टेस्टच्या कोडमध्येच, ‘सेटअपटेस्टडेटा’त बनवाव्यात. टेस्ट वाचताना तारीख आणि रक्कम समोर दिसते. फिक्स्चरमधला पीके ४३ कोण, हे सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

नुसत्या स्क्रीन बघायच्या असतील तर ‘टेस्टसर्व्हर’ कमांडला फिक्स्चरचं नाव द्या. तात्पुरत्या डेटाबेसवर साइट सुरू होते आणि तुमच्या कामाच्या डेटाबेसला धक्का लागत नाही.

खऱ्या लोकांचा डेटा

लाइव्ह सर्व्हरवरून काढलेली फाईल गिटमध्ये गेली की ती इतिहासात राहते. पुढच्या कमिटमध्ये पुसली तरी जुन्या कमिटमधून काढता येते. त्यात नावं, मोबाइल, पासवर्डचे हॅश, एपीआयचे टोकन असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ पासून आहे, पण कायदा नसता तरी हे करायचं नव्हतं. वापरकर्त्यांच्या नोंदी चाचणीसाठी बनवूनच घ्या. ईमेलसाठी ‘एक्झाम्पल.कॉम’ हे डोमेन राखून ठेवलेलं आहे, तिथे कुणाचीही पेटी नाही. मनाने रचलेला मोबाइल नंबर कुणाचा तरी निघतोच, म्हणून तो शून्यांचा ठेवा, आणि लॅपटॉपवर ईमेल बॅकएंड ‘कन्सोल’ करून टाका.

फाईल जुनी झाली तर

मॉडेलमधून फील्ड काढलं की जुनं फिक्स्चर ‘असं फील्ड नाही’ म्हणत अडतं. ‘--इग्नोरनॉनएक्झिस्टंट’ दिलं की जे आता नाही ते सोडून बाकीचं भरतं. पण फील्डचं नाव बदललं असेल तर हा पर्याय जुन्या नावाचा डेटा मुकाट टाकून देतो. तेव्हा लांबचा रस्ता घ्या: फाईल बनली त्या वेळच्या कमिटवर जा, कोऱ्या डेटाबेसवर मायग्रेट करून फाईल भरा, ताज्या कोडवर परत या, मायग्रेट करा, आणि नव्याने डम्पडेटा काढा.

आणि फाईल शेकडो एमबींची झाली असेल तर जेसनचा हट्ट सोडा. लोडडेटा ती अख्खी मेमरीत घेते. ‘--फॉरमॅट जेसनएल’ दिलं तर एका ओळीत एक नोंद येते आणि वाचताना मेमरी कमी लागते. त्याहून मोठं असेल तर पोस्टग्रेसवर ‘पीजी_डम्प -एफसी’ने काढा, यातला एफ कॅपिटल, आणि ‘पीजी_रिस्टोअर’ने भरा. ही जोडी मायग्रेशनच्या नोंदीसकट सगळं नेते, त्यामुळे तिच्याआधी मायग्रेट चालवायचं नाही. डेटाबेस पूर्ण रिकामा हवा.